कुस्ती : बळाला घातलेली मर्यादा

देवळाली कॅम्पची सकाळ निवांत असते. लॅम रोडवरील सॅनिटोरियमांच्या आवारात मुंबईहून हवापालटासाठी आलेली वडीलधारी मंडळी फेऱ्या घालीत असतात. कहाननगरच्या मंदिराकडे भाविकांची पावले वळलेली असतात. बाजारपेठेतील दुकाने अजून उघडायची असतात, आणि एखाद्या दिवशी लष्कराच्या तोफखाना विद्यालयाच्या सरावाचा घुमारा दुरून ऐकू येतो. याच वेळी कॅम्पाला लागून असलेल्या भगूर गावात तालमीतील मुलांचा दिवस मात्र केव्हाच सुरू झालेला असतो. जोर, बैठका, सपाट्या आणि मग मातीतली पकड.

भगूर हे स्वातंत्र्यवीर सावरकरांचे जन्मगाव म्हणून सर्वांना ठाऊक आहे. कुस्तीच्या जगात मात्र ते बलकवडे व्यायामशाळेमुळेही ओळखले जाते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या हर्षवर्धन सदगीर याने कुस्तीचे आरंभीचे धडे येथेच गिरवले. पुढे पुण्यात काका पवार यांच्या तालमीत तो घडला आणि जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीच्या क्रीडानगरीत नाशिक जिल्ह्याच्या वतीने लढून ‘महाराष्ट्र केसरी’ झाला. अंतिम लढतीतील त्याचा प्रतिस्पर्धी लातूरचा शैलेश शेळके हा त्याच तालमीतला सहकारी होता. निकाल लागल्यावर हर्षवर्धनने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतले. गदेपेक्षाही ते दृश्यच अनेकांच्या मनात अधिक काळ राहिले.

असे दृश्य पाहून एखाद्या व्यापारी घरातील अकरा-बारा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी ‘मला तालमीत जायचे आहे’ असे म्हणते, तेव्हा घरात प्रथम शांतता पसरते. मग प्रश्न सुरू होतात. हातपाय मोडला तर? दुसऱ्याला आपटणे आपल्या संस्कारांत बसते का? खुराकाचे काय? अभ्यास आणि दुकान यांचे काय? हे प्रश्न रास्त आहेत. मात्र त्यांपैकी बहुतेकांची उत्तरे कुस्तीच्या नियमांतच आहेत, आणि ते नियम फार थोड्या पालकांनी वाचलेले असतात.

परंपरेला अपरिचित नाही

मल्लविद्या ही जैन परंपरेला परकी गोष्ट नाही. पर्युषणात ज्या कल्पसूत्राचे वाचन श्रद्धेने ऐकले जाते, त्यातच भगवान महावीरांचे पिता राजा सिद्धार्थ यांच्या प्रातःकाळचे वर्णन येते. शय्येवरून उठून ते व्यायामशाळेत जातात, उड्या, मल्लयुद्ध इत्यादी व्यायाम थकवा येईपर्यंत करतात आणि नंतर सुगंधी तेलांनी अंगमर्दन करवून घेतात. राजाच्या दिनक्रमात व्यायामाला स्नानापूर्वीचे स्थान होते.

दिगंबर परंपरेतील आदिपुराणात भरत आणि बाहुबली यांची कथा आहे. दोन भावांच्या वादापायी दोन्ही सैन्यांचा संहार होऊ नये म्हणून निर्णय तीन द्वंद्वांवर सोपवला जातो : दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध. म्हणजे येथे मल्लयुद्ध हिंसा वाढवण्यासाठी येत नाही. मोठी हिंसा टाळण्यासाठी येते. त्यातही बाहुबली भरताला वर उचलतात, पण थोरल्या भावाला भूमीवर आपटत नाहीत. सामर्थ्य आहे आणि ते कोठे थांबवायचे हेही ठाऊक आहे, हा त्या प्रसंगाचा गाभा. आधुनिक कुस्तीची नियमावली, विशेषतः लहान मुलांसाठीची, याच तत्त्वावर उभी आहे.

माती आणि मॅट

महाराष्ट्रातील पारंपरिक कुस्ती ही मातीतली. तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू यांसारखे पदार्थ मिसळून आखाडा मऊ केला जातो. लंगोट लावलेले दोन मल्ल हात मिळवतात आणि एकाची पाठ मातीला लागेपर्यंत लढतात. अशा निकाली कुस्तीत गुणांचा हिशेब नसतो. चितपट झाली की कुस्ती संपली. जत्रेच्या फडात सर्वांत आधी लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात, मग मोठ्या इनामांच्या जोडी येतात. हलगीच्या ठेक्यावर रंगणारा हा सोहळा महाराष्ट्राच्या ग्रामजीवनाचा अभिमान आहे.

शालेय, राष्ट्रीय आणि ऑलिंपिक स्पर्धा मात्र मॅटवर होतात. मॅटवर 9 मीटर व्यासाचे वर्तुळ असते. त्याच्या कडेला 1 मीटर रुंदीचा वेगळ्या रंगाचा पट्टा असतो. तो दिसला की मल्लाने समजावे, हद्द जवळ आली. एक मल्ल लाल पोशाखात, दुसरा निळ्या. मॅटवरील कुस्तीचे तीन प्रकार ऑलिंपिकमध्ये खेळले जातात.

पहिला फ्रीस्टाइल. यात कमरेच्या वर आणि खाली, दोन्हीकडे पकड करता येते. पायांचाही उपयोग करता येतो. मराठी मातीतला एकेरी पट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा एक पाय धरून त्याला खाली आणणे, येथे पूर्णपणे वैध आहे. टांग मारणेही चालते. म्हणूनच मातीतून आलेल्या मुलाला हा प्रकार जवळचा वाटतो.

दुसरा ग्रीको-रोमन. यात कमरेखाली पकड करण्यास आणि डावासाठी पायांचा वापर करण्यास मनाई आहे. पट आणि टांग दोन्ही बाद. छाती, खांदे, हात आणि कंबर यांच्या बळावर प्रतिस्पर्ध्याला उचलणे वा उलथवणे हा त्याचा आत्मा.

तिसरा महिलांची कुस्ती. तिचे नियम मुख्यतः फ्रीस्टाइलचेच आहेत. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकपासून तिचा समावेश झाला. 2016 मध्ये रिओ येथे साक्षी मलिकने कांस्यपदक मिळवले आणि 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली; प्रतीक्षा बागडी तिची मानकरी ठरली. मुलीने तालमीत जावे का, हा प्रश्न आता सामर्थ्याचा उरलेला नाही. घराच्या तयारीचा आहे.

माती आणि मॅट यांचे भांडण लावण्याचे कारण नाही. महाराष्ट्र केसरीत माती विभाग आणि मॅट विभाग असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते गदेसाठी एकमेकांशी लढतात. मात्र मातीतून मॅटवर जाताना शिक्षण लागते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडनला गेले, तेव्हा मॅटची त्यांना सवय नव्हती. तरी ते सहावे आले. चार वर्षांनी, 1952 मध्ये, हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून पैसे उभे केले होते. खाशाबांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

गुणांचा हिशेब

व्यापारी घरातील माणसाला हिशेब लवकर उमगतो, म्हणून मॅटवरची गुणपद्धती त्याला अवघड वाटू नये. प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर ढकलले की 1 गुण. खाली असलेल्या मल्लाने उलटून ताबा मिळवला की 1 गुण. उभ्या प्रतिस्पर्ध्याला खाली आणून त्याच्यावर ताबा मिळवला की 2 गुण. खाली असलेल्याची पाठ मॅटकडे धोक्याच्या कोनात वळवली तरी 2 गुण. उभ्याने फेकून थेट पाठीवर आणले तर 4, आणि मोठ्या उंचीची भव्य फेक असेल तर 5 गुण.

दोन्ही खांदे मॅटला टेकवून प्रतिस्पर्ध्याला पूर्ण ताब्यात ठेवले की चितपट. मग गुण कितीही असोत, लढत तेथेच संपते. फ्रीस्टाइलमध्ये 10 गुणांची आणि ग्रीको-रोमनमध्ये 8 गुणांची आघाडी झाली, तरीही लढत थांबवली जाते. दुर्बळ पडलेल्या मुलाला शेवटच्या क्षणापर्यंत मार खात बसावे लागू नये, ही त्या नियमामागील समज आहे. गुण समान झाले तर अधिक मोलाचा डाव कोणाचा, कोणाला कमी ताकिदी मिळाल्या आणि शेवटचा गुण कोणाचा, या क्रमाने विजेता ठरतो.

लढतीचा वेळही वयानुसार बदलतो. 15 आणि 17 वर्षांखालील गटांत दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. मोठ्यांच्या गटांत त्या तीन-तीन मिनिटांच्या होतात. दोन फेऱ्यांमध्ये 30 सेकंदांची विश्रांती असते.

वय, वजन आणि दाखला

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 15 वर्षांखालील गट 14 आणि 15 वर्षांच्या मुलांचा आहे. 13 वर्षांच्या मुलाला त्यात उतरायचे असेल, तर वैद्यकीय दाखला आणि पालकांची संमती आवश्यक असते. 17 वर्षांखालील गट 16 आणि 17 वर्षांच्या मुलांचा. 15 वर्षांच्या मुलालाही हीच अट लागू होते. म्हणजे पालकांची सही ही येथे औपचारिकता नाही. ती नियमाचा भाग आहे. आपल्याकडील शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा गटांत होतात आणि तालुक्यापासून राज्यापर्यंत पायरीपायरीने पुढे जातात.

प्रत्येक वयोगटात पुन्हा वजनगट असतात. 17 वर्षांखालील मुलांचे 45 किलोपासून 110 किलोपर्यंत दहा गट आहेत. मुलींचे 40 पासून 73 किलोपर्यंत दहा. ‘धष्टपुष्ट मुलासमोर आमचा किडकिडीत पोर कसा टिकेल?’ ही आईची चिंता या एका व्यवस्थेने बरीच हलकी होते. मल्ल आपल्या वजनाच्या मल्लाशीच लढतो.

वजनाच्या वेळी वैद्यकीय तपासणीही होते. गजकर्णासारखा संसर्गजन्य त्वचारोग असल्यास मल्लाला खेळू दिले जात नाही. नखे कापलेली असावी लागतात. या बाबी क्षुल्लक वाटतात, पण अंगाला अंग लागणाऱ्या खेळात त्याच दुसऱ्याच्या आरोग्याची काळजी घेतात.

काय करू नये

कुस्तीच्या नियमपुस्तकातील एक मोठा भाग काय करू नये हे सांगण्यासाठी आहे. गळा आवळणे, केस वा कान ओढणे, चिमटे काढणे, चावणे, बोटे पिरगळणे आणि हात 90 अंशांपेक्षा अधिक मुरगळणे ही सारी कृत्ये निषिद्ध आहेत. भुवया आणि ओठ यांमधल्या चेहऱ्याच्या भागाला धक्का लावता येत नाही. प्रतिस्पर्ध्याला वेदना देऊन शरण आणणे, हा कुस्तीचा मार्गच नव्हे.

लहान गटांसाठी बंधने आणखी कडक आहेत. दोन्ही हात प्रतिस्पर्ध्याच्या बगलांखालून मानेवर नेऊन मान दाबण्याचा जो डाव ‘डबल नेल्सन’ म्हणून ओळखला जातो, तो 15 आणि 17 वर्षांखालील मुलांना निषिद्ध आहे. वाढत्या वयातील मानेच्या कण्यावर भार येऊ नये, हा त्यामागील हेतू. तालमीत कोणी ‘सरावापुरता’ म्हणून हा डाव लहान मुलांवर करीत असेल, तर पालकाने तेथेच विचारणा करावी. नियम पंचाच्या शिट्टीपुरता नसतो.

लढतीच्या आरंभी आणि अखेरीस हस्तांदोलन बंधनकारक आहे. हरलेला मुलगा डोळे पुसतो, प्रतिस्पर्ध्याचा हात हातात घेतो आणि मगच मॅटवरून उतरतो. घरात आणि दुकानात वर्षानुवर्षे शिकवूनही जे अंगी बाणत नाही, ते येथे दर लढतीत घडते.

वजन उतरवण्याचा मोह

एका बाबतीत मात्र नियम एकटे पुरत नाहीत. तेथे पालकाचाच आवाज लागतो. आपल्या नैसर्गिक वजनाहून खालच्या गटात खेळले तर प्रतिस्पर्धी लहान मिळतील, या हिशेबाने मल्ल स्पर्धेपूर्वी वजन उतरवतात. जेवण तोडायचे, पाणी बंद करायचे, जाड कपडे चढवून घाम गाळायचा. मोठ्या मल्लांत ही रीत रुळलेली आहे आणि तिची झळ हळूहळू किशोरांपर्यंत पोहोचते.

तिचे परिणाम जगाने पाहिले आहेत. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत काही आठवड्यांच्या अंतराने तीन महाविद्यालयीन मल्लांचा वजन उतरवण्याच्या प्रयत्नात मृत्यू झाला. त्यानंतर तेथे घाम गाळण्यासाठी रबरी पोशाख आणि तप्त खोल्या वापरण्यावर बंदी आली. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट 50 किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वजन 100 ग्रॅम जास्त भरले आणि ती अपात्र ठरली. रात्रभराच्या प्रयत्नांनंतर तिला शरीरातील पाणी कमी झाल्यामुळे उपचार घ्यावे लागले. ती अनुभवी, प्रौढ खेळाडू होती. तिच्यापाशी प्रशिक्षक आणि वैद्य होते. बारा वर्षांच्या मुलापाशी केवळ आईवडील असतात.

जैन घरांत हा मुद्दा अधिक सावधपणे समजून घेतला पाहिजे. उपवासाची सवय असलेल्या कुटुंबाला ‘दोन दिवस जेवू नकोस’ हा सल्ला फारसा खटकत नाही. उलट मुलाच्या निग्रहाचे कौतुक वाटू शकते. पण तप आणि वजनकाटा यांची गल्लत होता कामा नये. तपामागे संकल्प असतो, विश्रांती असते, पारणे असते आणि हेतू आत्मशुद्धीचा असतो. पदकासाठी उपाशी राहून त्याच दिवशी घाम गाळणे म्हणजे वाढत्या देहाची केवळ उपेक्षा होय. मुलाने त्याच्या नैसर्गिक वजनाच्या गटातच खेळावे. एखादी स्पर्धा हुकली तरी चालेल. त्याचप्रमाणे पर्युषणात किंवा आयंबिलाच्या दिवसांत मुलाने तप धरले असेल, तर ते वस्तादांना आधी सांगावे आणि त्या दिवसांत जड सराव थांबवावा. खेळाचा मान राखावा, तपाचाही राखावा. दोन्ही एकाच दिवशी एकाच देहावर लादू नयेत.

खुराक आणि वेळ

पैलवान म्हटले की मांसाहार आलाच, ही समजूत जुनी असली तरी खरी नाही. दूध, तूप, बदाम आणि थंडाई यांवर मराठी तालमींचा खुराक पिढ्यान्‌पिढ्या उभा राहिला आहे. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारा योगेश्वर दत्त शाकाहारी आहे. मूग, हरभरा, शेंगदाणे, दूध, दही, पनीर आणि ज्वारी-बाजरीची भाकरी यांतून वाढत्या मुलाला आवश्यक पोषण मिळू शकते. कंदमुळे वर्ज्य असल्याने त्यात काही उणे पडत नाही. डबाबंद पूड वा गोळ्या मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून देऊ नयेत.

खरी अडचण वेळेची असते. संध्याकाळचा सराव संपेपर्यंत सूर्य मावळतो आणि चोविहार पाळणाऱ्या घरात थकलेले मूल रात्रभर रिकाम्या पोटी राहते. अशा मुलासाठी पहाटेचा सराव सोयीचा. सरावानंतर दूध आणि न्याहारी घेऊन ते शाळेत जाऊ शकते. संध्याकाळीच जावे लागणार असेल, तर वस्तादांशी बोलून वेळ अलीकडे घेता येतो. अनेक अडचणी विचारल्याने सुटतात. न विचारता त्या मोठ्या होतात.

तालमीत पाऊल ठेवताना

मुलाचे नाव घालण्यापूर्वी पालकाने एक-दोन सकाळी तालमीत जाऊन नुसते बसावे. वस्ताद लहान मुलांना आधी पडायला शिकवतात की थेट लढवतात? जोड वजन पाहून लावतात की जो समोर येईल त्याच्याशी? माती खोदून भुसभुशीत केली जाते का? मॅट असल्यास ती पुसली जाते का? दुखापत झालेल्या मुलाला बसवतात की चिडवतात? मुलींच्या सरावाची वेळ आणि देखरेख नीट आहे का? डोक्याला मार लागला वा मान दुखू लागली, तर त्या दिवशी सराव बंद आणि डॉक्टरांकडे तपासणी, इतका साधा नियम तालमीत पाळला जातो का? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर भीतीचे कारण बरेच उरत नाही.

गावोगावच्या जत्रांत व्यापाऱ्यांनी कुस्तीला नेहमीच हात दिला आहे. फडात इनाम जाहीर होते, देणगीदाराचे नाव पुकारले जाते, टाळ्या पडतात. पण इनाम देणाऱ्याच्या घरातील मूल बहुधा प्रेक्षकांतच बसलेले असते. त्याला आखाड्यात उतरवायचे की नाही, हे प्रत्येक घराने आपल्या मुलाकडे पाहून ठरवावे. प्रत्येकाने पैलवान व्हायलाच हवे असे नाही. पण ‘नाही’ म्हणायचे असेल, तर ते माहितीच्या आधारे म्हणावे. आणि ‘हो’ म्हणायचे असेल, तर नियम वाचून, सहीचे महत्त्व ओळखून आणि वजनकाट्यापुढे मुलाच्या पाठीशी उभे राहून म्हणावे.

तालमीत गेलेले मूल सहा महिन्यांत पदक आणेल याची खात्री नाही. ते चार वेळा पडेल, पाचव्यांदा उठेल आणि पाडणाऱ्याचा हात हातात घेईल. कधीतरी त्याच्याही हाती कोणाला खाली आपटण्याचे बळ येईल. त्या क्षणी समोरच्याला सांभाळून खाली ठेवण्याची समज त्याच्यापाशी असेल, तर भगूरच्या तांबड्या मातीत घालवलेल्या सकाळी वाया गेल्या असे कोणी म्हणणार नाही.